पॅनेलला ताप चढतो तेव्हा

मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतपात, शेजारचे काका दुपारी एक वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून आमच्या दारात. "एवढं ऊन तापून रायलं, अन् युनिट काऊन कमी पडून रायले जी? फेब्रुवारीत बरे पडत होते. सोलारवाल्यानं फसवलं वाटते." हातात मोबाइल, त्यावर इन्व्हर्टरचं ॲप. काकांचे सहा पॅनेल, मिळून सव्वातीन किलोवॅटचे. फेब्रुवारीत भरदुपारी आकडा २.७ किलोवॅटपर्यंत जायचा, आता २.३ च्या पुढे सरकेना. बाहेर नागपूरचा पारा ४५ वर.

सोलारवाल्याची बाजू घ्यायची मला हौस नाही. "उन्हाळ्यात दुप्पट वीज" असं त्यानंच काकांना सांगितलं होतं. पण या प्रकरणात तो फसवत नव्हता, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. गोंधळाचं मूळ शब्दात आहे. आपल्याकडे छतावरच्या गरम पाण्याच्या बंबालाही सोलार म्हणतात आणि विजेच्या पॅनेललाही सोलारच. बंबाला उष्णता हवी असते, जितकी जास्त तितकी बरी. पॅनेलला हवा असतो प्रकाश. उष्णता त्याच्या मुळावर येते.

किती तापतं ते मोजायला मी कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक घेऊन वर गेलो. तिनं पॅनेलकडे बघून नुसतं 'हाय' दाखवलं आणि गप्प बसली, बिचारीची धाव माणसाच्या तापापुरतीच. मग ओळखीच्या एसी मेकॅनिककडून कामाची बंदूक आणली. काचेवर मोजलं तर आकाशाचं प्रतिबिंब आकडा बिघडवतं, म्हणून वाकून पॅनेलच्या पाठीवर मोजलं. ७१ अंश. पॅनेलवर छापलेली क्षमता मात्र २५ अंशांना मोजलेली असते, तीही पॅनेलच्याच तापमानाला, हवेच्या नव्हे.

आता माझा आवडता भाग. पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉन बांधलेले असतात. ते सुटायला ठरावीक ऊर्जा लागते, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रकाशाच्या कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, तेवढी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन सुटतो. कमी असेल तर फोटॉनचा उपयोग शून्य. जास्त असेल, जशी निळ्या प्रकाशात असते, तर वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून चांगल्या पॅनेलमध्येही पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा वीज होतो आणि उरलेला बहुतेक पॅनेललाच तापवतो. काळसर काच, वर ऊन, ताप चढणारच.

सुटलेले इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलायला सिलिकॉनचे दोन थर असतात, एकात फॉस्फरस मिसळलेला, दुसऱ्यात बोरॉन. जिथे ते भिडतात तिथे कायमचं विद्युतक्षेत्र तयार होतं. ते इलेक्ट्रॉनांना एकीकडे आणि त्यांच्या रिकाम्या जागांना दुसरीकडे लोटतं. इलेक्ट्रॉन साठत जातात आणि व्होल्टेज चढतं.

पण ते कुठवर चढणार? इथे मला आमच्या जुन्या घरातला रांजण आठवतो. वरून पाण्याची धार चालू आहे आणि रांजण पाझरतोही आहे. पातळी चढली की पाझर वाढतो. धार आणि पाझर सारखे झाले की पातळी थांबते. ऊन ही धार, व्होल्टेज ही पातळी. आणि पाझर म्हणजे साठलेले इलेक्ट्रॉन उलटे घसरून रिकाम्या जागांना पुन्हा मिळणं. हा पाझर उष्णतेवर पोसला जातो. सिलिकॉन तापलं की अणूंची थरथर वाढते, प्रकाशाशिवायही इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि अशा आपोआप सुटलेल्यांची संख्या तापमानाबरोबर सरळ रेषेत नाही, घातांकी वेगानं चढते. पाझराचं प्रमाण त्या संख्येच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणजे आधीच घातांकी, त्यात वर्ग. एवढं असूनही व्होल्टेज कोसळत नाही, कारण ते पाझराच्या लॉगॅरिदमवर ठरतं आणि लॉगॅरिदम भल्याभल्या वाढीला नरम करतो. शेवटी हाती उरतो एक साधा हिशेब : दर अंशाला एका सेलमागे, म्हणजे पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या एकेका चकतीमागे, सुमारे २ मिलिव्होल्टची घट. (मधल्या चार ओळी डोक्यावरून गेल्या असतील तर सोडून द्या, आकडा तेवढा ठेवा.)

काकांच्या प्रत्येक पॅनेलमध्ये ७२ सेलइतकी लांब माळ आहे. ७१ उणे २५, म्हणजे ४६ अंश. गुणाकार केला की पॅनेलमागे साडेसहा व्होल्ट गेले, एकूण पन्नासेक व्होल्टांतून. करंट तापल्यावर किंचित वाढतो, पण तो वाढावा या घटीपुढे चिल्लर. पॅनेलच्या माहितीपत्रकावर याचा सगळा निचोड एका ओळीत असतो, दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के शक्ती कमी. ४६ अंशांना १६ टक्के.

छापील सव्वातीन किलोवॅटपासूनच्या बाकीच्या घटीत उष्णतेचा हात नाही. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळे २५-२६ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. काकांचे पॅनेल दक्षिणेकडे वीसेक अंश कललेले, म्हणून त्यांना ते ऊन थोडं तिरकं मिळतं. सहा टक्के तिथे गेले. वर धुळीचा थर होता. त्यावर मी बोटानं रेघ ओढून दाखवली.

दक्षिणेवरून आठवलं. बसवताना काकूंनी पॅनेल पूर्वेला वळवायचा आग्रह धरला होता, दक्षिण ही यमाची दिशा म्हणून. कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं होतं. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडूनच जातो. तो यमाला विचारून जात नाही.

"मग कोळशाचीच वीज बरी," काका म्हणाले, "तिला तर ताप चढत नाही." काकांच्या गच्चीवरून कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिलाही चढतो, काका. औष्णिक केंद्र हे उष्णतेचं इंजिन आहे, आणि फ्रेंच अभियंता सादी कार्नोनं १८२४ मध्येच दाखवून दिलंय की असं इंजिन चालायला एक बाजू थंड लागते. वाफेचं पुन्हा पाणी करायला गार पाणी हवं. ते जितकं कोमट, तितकी वीज कमी. कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा तारेत जातो, उरलेला कूलिंग टॉवर आणि चिमणीतून हवेत. आणि पाणीच आटलं तर? २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण तळाला गेलं तेव्हा चंद्रपूरचे संच थांबवावे लागले. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद पडलं होतं.

वर कोळशाच्या दर युनिटामागे किलोभर कार्बन डायऑक्साइड. आपला कोळसा राखाडही फार, शंभर किलोला तीस-चाळीस किलो राख. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख नाल्यांत आणि शेतांत गेली. पॅनेल बनवायलाही वीज लागते आणि ती आज बरीचशी कोळशाचीच असते, हे खरं. पण तेवढी वीज पॅनेल पहिल्या एक-दोन वर्षांत फेडतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. रात्रीचा प्रश्न उरतोच. त्यावर बॅटऱ्या, वारा, घाटघरसारखी पाणी वर चढवून साठवणारी केंद्रं असे उपाय आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय.

तापावर सगळ्यात स्वस्त औषध हवा. लेहमध्ये हवा थंड आणि आकाश स्वच्छ, म्हणून पॅनेल तिथे खूश असतात. ओंकारेश्वरला ते धरणाच्या पाण्यावर तरंगतात, खालून गारवा मिळतो. काकांचे पॅनेल निम्मे गच्चीवर, पण तीन मागच्या टिनाच्या शेडला जवळजवळ चिकटवून बसवलेले. ७१ चा आकडा त्यांचाच. गच्चीवरच्यांच्या पाठीवर ६५ निघाले होते.

शेडवरचे तिन्ही आम्ही पुढच्या रविवारी फूटभर उचलून घेतले. फॅब्रिकेटरनं अँगलचे आणि मजुरीचे बाराशे घेतले. दुपारी पुन्हा बंदूक लावली, ६६. पाच अंश, म्हणजे त्या तीन पॅनेलांत पावणेदोन टक्के. काकांनी मनात हिशेब केला, बाराशे रुपये कधी वसूल होतील ते विचारलं, आणि तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतायला निघाले. ती मी हातातून काढून घेतली. तापलेली काच तडकू शकते. धुवायचं ते सकाळी सहाला.