मोठं जनावर किती काळ लपून राहू शकतं?

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाटातल्या कॅमेऱ्यात दिसला आणि मग बार्शी तालुक्यातली जनावरं मारू लागला. तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यात एक प्रश्न गप्पांमध्ये हटकून निघतो. एवढा वाघ सुमारे ५०० किलोमीटर चालत येतो आणि वाटेत कुणाला पत्ता लागत नाही, तर घनदाट अरण्यात एखादा अज्ञात प्राणी का नसावा?

हा वाद दोनशे वर्षांचा आहे. फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८१२ साली लिहिलं की मोठे नवे चतुष्पाद सापडण्याची फारशी आशा उरलेली नाही. सातच वर्षांत आखूड सोंडेच्या, डुकरासारख्या दिसणाऱ्या मलायाच्या तापीराला शास्त्रीय नाव मिळालं. काँगोच्या जंगलातला, जिराफाच्या कुळातला ओकापी १९०१ साली शास्त्राला कळला, तोही आधी कातड्याच्या पट्ट्यांवरून.

सगळ्यात थक्क करणारा साओला. १९९२ साली व्हिएतनामच्या वू क्वांगमध्ये संशोधकांना शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ, अनोळखी शिंगं टांगलेली दिसली. गुरांच्याच कुळातला हा प्राणी आजवर एकाही शास्त्रज्ञाने जंगलात मोकळा पाहिलेला नाही. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी मोजक्या वेळा टिपला, एवढंच.

पण तो अज्ञात कुणाला होता? त्या शिकाऱ्यांना नक्कीच नव्हता. आपल्याकडे २००५ साली अरुणाचलातल्या एका माकडाला शास्त्रीय नाव मिळालं, तेही मोन्पा लोक ज्या नावाने त्याला ओळखत त्यावरूनच. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. प्राणी पुस्तकांपासून लपतो. शेजारी राहणाऱ्या माणसाच्या घरात त्याचं शिंग, कातडं, निदान नाव तरी सापडतंच.

हिमालयातला हिममानव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यतीचं नाव आहे, पण बाकी हाती काही लागत नाही. १९५१ साली गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी बर्फातल्या ठशांचे फोटो काढले आणि जगभर खळबळ उडाली. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ अवशेष डीएनएसाठी तपासले, तर आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

माग लपत नाही, हे करमाळ्याला सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये नरभक्षक बिबट्या उसाच्या फडांतून सगळ्यांना चकवत राहिला, पण तो तिथे आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मला खरी हुरहुर आहे ती नान्नजची. ज्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तो मीटरभर उंचीचा पक्षी आता एखादा दिसला तरी बातमी होते. त्याच्याबाबतीत तरी ‘असेल कुठेतरी लपून’ हे खरं निघावं.