अधिवास पुनर्स्थापना आणि वनपक्षी (नागपूर परिसर)

उजाड झालेल्या, विरळ झालेल्या किंवा परक्या झुडपांनी व्यापलेल्या रानात मूळचा झाडोरा, माती आणि प्राणिजीवन पुन्हा नांदेल अशी स्थिती घडवणे म्हणजे अधिवास पुनर्स्थापना. वृक्षलागवड हा तिचा एक भाग आहे, आणि तोही नेहमी पहिला नसतो. संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे दशक या कामासाठी जाहीर केले आहे.

नागपूरभोवतीचे मूळ जंगल शुष्क पानझडी आहे. त्यात साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई आणि पळस ही प्रमुख झाडे. शहरालगत गोरेवाडा, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्स येथे त्याचे तुकडे उरले आहेत. दूरवर पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला येथे ते सलग आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, साग निष्पर्ण होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक पक्ष्यांच्या घरट्यांत पिल्ले असतात. म्हणून कोणत्या झाडाला कधी फळ येते हा प्रश्न रोपांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा ठरतो. एकसुरी सागवनात उंबर, वड, पिंपळ नसतील, तर फळांवर जगणाऱ्या हरियाल पक्ष्याला तिथे पोट भरणे कठीण.

राखी धनेशाचे उदाहरण बोलके आहे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. अंडी उबवून पिल्ले थोडी मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळे-किडे भरवत राहतो. अशी ढोली दहा वर्षांच्या लागवडीत मिळत नाही. तांबट वाळक्या, मऊ फांदीत स्वतः भोक कोरतो. त्याने सोडलेल्या भोकात पुढे दयाळ किंवा चिमणी संसार मांडते. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाळकी फांदी छाटण्याची शहरी सवय या पक्ष्यांच्या मुळावर येते. ज्या फांदीखाली माणसांची ये-जा नाही, ती तरी राहू द्यावी.

जमिनीवरचा पालापाचोळाही अधिवासच आहे. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा नवरंग पाने उलथून किडे टिपतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. आग पसरली की हे अन्न जाते, शिवाय नुकती उगवलेली रोपेही करपतात. मोहाच्या हंगामावर अनेक घरांचे वर्ष चालते, त्यामुळे निव्वळ बंदीने काही साधत नाही. पाला झाडून बाजूला सारणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे माणसांना आणि पक्ष्यांना, दोघांनाही परवडणारे मार्ग आहेत.

घाणेरी (लँटाना) हे परके झुडूप काढणे हे कामाचे सर्वांत किचकट अंग. वरून तोडली तर ती अधिक जोमाने फुटते. मुळाचा वरचा भाग मातीखालून कापून झुडूप उलटे ठेवावे लागते. पण सगळी एकदम काढू नये, कारण सातभाई आणि बुलबुल तिच्याच आडोशाला राहतात. टप्प्याटप्प्याने काढून बोर, मुरुडशेंग, कुडा अशी देशी झुडपे वाढू द्यावीत. बुलबुलच तिच्या बियाही पसरवतो, म्हणून साफ केलेल्या जागेवर पुढची काही वर्षे फिरून रोपे उपटणे अटळ आहे.

माती उरलेलीच नसेल, तर सुरुवात तिच्यापासून करावी लागते. जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीतील टाकाऊ दगडमातीच्या ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) साखर कारखान्यांतील मळी (प्रेसमड), मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून झाडे उभी केली. अशी झाडे वाढली की बसायला फांदी मिळते आणि पक्षी विष्ठेतून कडुनिंब, उंबर, चंदन यांच्या बिया आणून टाकतात. फुलटोच्या हा पक्षी मात्र बांडगुळाची चिकट बी फांदीलाच चिकटवतो.

महाराष्ट्रात सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात नवरंग दक्षिणेत परतलेला असतो आणि धनेशाची ढोली रिकामी असते. पुनर्स्थापित रानाची नोंद करायची तर नोव्हेंबरच्या यादीबरोबर मेच्या उन्हात आणि जूनच्या पहिल्या सरींतही तिथे जावे लागते.