मैत्रिणीशी बोलणं आणि समुपदेशकाशी बोलणं

दोन्हीकडे आपण मन मोकळं करतो आणि समोरचं माणूस ऐकून घेतं. वरवर पाहिलं तर एकीकडे फी द्यावी लागते, एवढाच फरक. म्हणूनच पहिल्यांदा समुपदेशनाला जाणारे अनेक जण मनात एका शहाण्या मैत्रिणीचीच अपेक्षा धरून जातात आणि दोन-तीन भेटींतच हिरमुसून जाणं थांबवतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तेव्हा खरं काम सुरूही झालेलं नसतं.

मैत्री दोन्ही बाजूंनी चालते. आज ती तुमचं ऐकते, उद्या तुम्ही तिचं. ती तुमची बाजू घेते, तुमच्यासाठी चिडते, ‘मी असते तर कधीच सोडून दिलं असतं’ असं म्हणून मोकळी होते. हे सगळं हवंच असतं. पण बोलताना तुमचं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं. ती कंटाळली का, दुखावली का, तिला आधीच आपले व्याप कमी आहेत का! शिवाय ती तुमच्या घरच्यांना ओळखते, तुमच्या निर्णयाचे पडसाद तिच्याही आयुष्यात उमटतात. त्यामुळे काही गोष्टी ओठांपर्यंत येऊन परत फिरतात.

समुपदेशकाशी असलेलं नातं मुद्दाम एकतर्फी ठेवलेलं असतं. सहसा आठवड्यातून एकदा, 45 ते 50 मिनिटं, आणि तो सगळा वेळ तुमचा. समोरच्याची काळजी वाहण्याची जबाबदारी तुमच्यावर नसते. म्हणूनच समुपदेशक स्वतःबद्दल फारसं बोलत नाही, बाहेर मैत्री वाढवत नाही. अनेकांना हा कोरडेपणा वाटतो. मला तर त्या नात्याचं बळच यात दिसतं.

पहिली भेट थोडी चौकशीसारखी वाटू शकते. झोप, भूक, घरची माणसं, जुने आजार, चालू औषधं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे सगळं विचारलं जातं. गोपनीयतेचे नियमही तेव्हाच सांगायला हवेत: तुमचं बोलणं बाहेर जात नाही, मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असेल किंवा कोर्टाचा आदेश आला, तर अपवाद करावा लागू शकतो. कुणी आपणहून सांगितलं नाही तर विचारा.

‘मी काय करू?’ याचं थेट उत्तर मात्र बहुधा मिळत नाही. याचा अर्थ समुपदेशक नुसता मान डोलावत बसतो असा नाही. काही पद्धतींत घरी करायचा अभ्यासही असतो, उदाहरणार्थ, त्रासदायक प्रसंगात नेमका कोणता विचार आला ते लिहून ठेवणं. निर्णय मात्र तुमचाच राहतो.

या नात्याला इतकं महत्त्व का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये मांडलं की समुपदेशकाने समोरच्याला आतून समजून घेणं, त्याला विनाअट स्वीकारणं आणि स्वतः खरं वागणं यांतूनच बदल घडतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये त्यात सहकार्याची बाजू आणली: कुठे पोचायचं आणि त्यासाठी काय करायचं यावर दोघांचं एकमत हवं, आणि दोघांत विश्वासाचा धागा हवा. हे नातं जितकं पक्कं, तितका उपचाराचा उपयोग अधिक, असं नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

पक्कं नातं म्हणजे कधी न बिघडणारं नातं, असं मात्र समजू नका. मैत्रीत आपण बारीकसारीक खुपणं गिळून टाकतो. इथे तेच बोलायचं असतं. ‘मागच्या वेळी तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, तेव्हा वाटलं तुम्हाला माझा वैताग आलाय’ हे वाक्य म्हणणं अवघड आहे, पण त्यावर झालेलं बोलणं अनेकदा सगळ्यात मोलाचं ठरतं. कारण ‘लोकांना माझा वैताग येतो’ ही भीती त्या खोलीपुरती नसते, ती तुम्ही सगळीकडे सोबत घेऊन फिरत असता. वडिलांवरचा राग समुपदेशकावर निघतो, कधी त्याच्याबद्दल ओढही वाटू लागते. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तेही बोलता येतं.

समुपदेशकाने मात्र त्या ओढीचा फायदा घेता कामा नये. प्रेमसंबंध, शारीरिक जवळीक, तुमच्याशी धंद्याचे व्यवहार, तासभर स्वतःचीच रडगाणी, यांतलं काही दिसलं तर समजून घेत बसू नका, तिथून बाहेर पडा. नुसते सूर जुळत नसतील तर तसं सांगून दुसरा समुपदेशक शोधा, त्यात कुणाचा अपमान नाही.

एखाद्या सत्रानंतर आधीपेक्षा जड वाटू शकतं, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि थांबायचं ठरवलंत तर अचानक गायब होण्याऐवजी निरोपाची एक भेट घ्या.

मैत्रिणीला सांगणं मात्र बंद करू नका. रात्री दोन वाजता फोन उचलणं, दवाखान्यात सोबत येणं ही तिची जागा आहे, समुपदेशकाची सहसा नाही. जीव नकोसा वाटला तर दोन भेटींच्या मधल्या काळात कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा आणि तो नंबर तिलाही देऊन ठेवा.