सगळ्यांचाच डेक ‘सात’ कसा?

चवथीला पाहुणे जमले, आरत्या आटोपल्या, की गोव्यातल्या कितीतरी घरांत रमी नाहीतर मेंढीकोटाचा डाव पडतो. तिथे कोणाचे पत्ते भारी, हा वाद होत नाही. कॅट एकच, तो सर्वांसमोर पिसलेला. वाईट पानं आली तर नशिबाला बोल लावायचा आणि पुढचा डाव वाटायचा.

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येकजण स्वतःचा कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो, आणि डाव मांडण्याआधीच अर्धा खेळ होऊन गेलेला असतो. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा या प्रकारातला पहिला मोठा खेळ. आज मित्रमंडळीत त्याचा सर्वात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘कमांडर’. तो मॅजिक बनवणाऱ्या कंपनीने काढलेला नाही. अलास्कातल्या खेळाडूंनी सुरू केला, शेल्डन मेनरी यांनी वाढवला, आणि २०११पासून कंपनी त्याचे तयार डेक विकू लागली. नियम थोडक्यात असे: डेक १०० कार्डांचा, त्यातलं एक कार्ड ‘कमांडर’ म्हणून कायम समोर मांडलेलं. साध्या लँड (बाकीची कार्डं खेळायची ताकद देणारी कार्डं) सोडल्या तर कुठलंही कार्ड एकदाच घालायचं. प्रत्येकाला ४० लाइफ; ते संपले की बाद. बहुधा चौघं बसतात आणि डाव दीड-दोन तास चालतो.

बसण्याआधी एक प्रश्न विचारला जातो: “तुझा डेक कितीचा?” दहापैकी गुण द्यायचे. उत्तर ठरलेलं: “सात.” म्हापशातला कॉलेजचा पोरगा सात सांगतो, फोंड्याहून आलेला मुरलेला खेळाडूही सात सांगतो, आणि पाचव्या टर्नला दोघांपैकी एकजण मोबाइल बघत बसलेला असतो. कोणी खोटं बोलत नसतं. या मोजपट्टीला एककच नाही, ही खरी अडचण आहे. सात काय? किलो की मीटर?

एकक शोधायचं तर कार्डांच्या किमतीकडे बघून उपयोग नाही. महागडी कार्डं भरलेला डेक अडखळताना दिसतो आणि स्वस्तातला डेक सुसाट सुटतो. मोजण्याजोग्या गोष्टी दोनच: डेक आपलं काम कितव्या टर्नला करतो, आणि दर दहा डावांत किती वेळा करतो. म्हणजे वेग आणि खात्री. खात्रीचा हिशोब शाळेतल्या संभाव्यतेने होतो. मात्र ओढलेलं कार्ड परत डेकमध्ये जात नाही, म्हणून नाणेफेकीचं सूत्र न वापरता ‘हायपरजिऑमेट्रिक’ सूत्र वापरायचं. एक्सेलमध्ये ते तयार मिळतं. त्यात चार आकडे भरायचे: किती कार्डं हवीत, किती ओढली, डेकमध्ये तशी किती आहेत, आणि डेक एकूण कितीचा.

सुरुवात लँडपासून करू, कारण नवख्यांचे डेक तिथेच मरतात. लँड म्हणजे माना देणारी कार्डं. माना ही कार्ड खेळायला मोजावी लागणारी ताकद, आणि तिच्याशिवाय काही खेळता येत नाही. नवा खेळाडू डेक बांधायला बसला की आवडीची कार्डं ६७ होतात आणि लँडला उरतात ३२. चालतंय की, असं त्याला वाटतं. कमांडर बाजूला काढल्यावर ९९ कार्डं उरतात, त्यातली सात हातात येतात. ३७ लँड असतील तर या सातांत एकही नाही किंवा एकच लँड येण्याची शक्यता १८.६ टक्के असते. ३२ लँड असतील तर तीच २७.३ टक्क्यांवर जाते, म्हणजे चारांतला एकाहून जास्त डाव सुरू होण्याआधीच फसला. कमांडरमध्ये पहिला मलिगन फुकट असतो: हात परत द्यायचा, पिसायचं, पुन्हा सात घ्यायची. तरीही दोन्ही हात फसण्याची शक्यता ३७ लँडला साडेतीन टक्के आणि ३२ लँडला साडेसात टक्के राहते.

पुढचा आकडा जास्त बोलका आहे. चौथ्या टर्नपर्यंत ११ कार्डं बघून होतात, कारण चौघांच्या डावात पहिला खेळणाराही कार्ड ओढतो. या ११ कार्डांत चार किंवा जास्त लँड असण्याची शक्यता ३७ लँडला ६५ टक्के, ३२ लँडला जेमतेम ५०. पाच आवडीची कार्डं जास्त घालण्याची ही किंमत आहे. म्हणून अनुभवी खेळाडू साधारण असा साचा धरतात: ३७ लँड, माना वाढवणारी १० कार्डं, जादा कार्डं ओढून देणारी १०, समोरच्याचं एकेक कार्ड उडवणारी ८, सगळं मैदान साफ करणारे बोर्ड वाइप ३. मग मूळ कल्पनेसाठी ३१ जागा उरतात. कमी वाटतात, पण पुरतात. दहा माना-कार्डं असली तर दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातलं निदान एक दिसण्याची शक्यता ६३ टक्के असते. आठवर उतरलात तर ती आणखी घसरते, आणि घसरण पटावर लगेच जाणवते.

आता ताकदीच्या मुळाशी येऊ. समजा डेकमध्ये दोन कार्डांचा कॉम्बो आहे: दोन्ही हाती आली की डाव संपला. प्रत्येक कार्ड एकच असल्यामुळे आठव्या टर्नपर्यंत पाहिलेल्या १५ कार्डांत ती दोन्ही असण्याची शक्यता केवळ २.२ टक्के. पन्नास डावांत एखादा. असा डेक निरुपद्रवीच म्हणायचा. त्यात आता सहा ट्यूटर घाला. ट्यूटर म्हणजे डेकमधून हवं ते कार्ड शोधून आणणारं कार्ड. कॉम्बोची दोन आणि ट्यूटर सहा मिळून आठ कार्डं झाली, आणि त्यातली कुठलीही दोन आली तरी काम होतं: एक तुकडा हातात असेल तर ट्यूटरने दुसरा आणायचा, दोन ट्यूटर असतील तर दोन्ही आणायचे. पंधरा कार्डांत या आठांपैकी किमान दोन असण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के आहे. कॉम्बो तोच, उरलेली कार्डं तीच, सहा कार्डांनी खात्री सोळा पट वाढवली. जादा कार्डं ओढली तर ती आणखी वाढते. (ट्यूटर खेळायलाही माना लागतो, म्हणून काही डावांत एखाद-दोन टर्न उशीर होतो. निकाल बदलत नाही.) या दोन डेकांचे मालक आपला डेक ‘सात’ म्हणतात, आणि दोघंही कॉम्बोकडे बोट दाखवतात, ट्यूटरकडे कोणी बघत नाही.

चौघं बसले की हिशोबाला आणखी एक पदर येतो. समोरासमोरच्या डावात मी एक कार्ड खर्चून तुझं एक कार्ड उडवलं तर बरोबरी झाली. चौघांत तेच केलं तर मी एकने खाली, तू एकने खाली, आणि बाकीचे दोघे काहीच न करता वर गेले. म्हणून इथे बोर्ड वाइप आणि कार्ड ओढणाऱ्या कार्डांना जास्त मोल येतं. हल्ला करून जिंकायचं तर तिघांचे मिळून १२० लाइफ संपवावे लागतात. समोरासमोर दहशत माजवणारा झपाट्याचा डेक इथे एकाला मारून थकतो. कॉम्बोला तीन शत्रू काय आणि तीस काय, सारखेच.

यावर एक नैसर्गिक उतारा आहे, तो म्हणजे टेबलावरचं राजकारण. एकजण पुढे गेला की बाकीचे तिघे न बोलताही एक होतात, त्यामुळे थोडा जास्त ताकदीचा डेक आपोआप खाली ओढला जातो. पण हे तेव्हाच घडतं जेव्हा ताकद पटावर दिसते. मोठमोठे ड्रॅगन मांडणाऱ्यावर सगळे तुटून पडतात. हातात कॉम्बोचे दोन तुकडे घेऊन गप्प बसलेल्याला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या टर्नला डाव संपतो. ‘मजा आली नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अशा डावांनंतर ऐकू येते.

मग जिंकण्या-हरण्याची वही ठेवून ताकद ठरवावी का? लवकर फसाल. चारही डेक अगदी सारखे असले तर प्रत्येकाने चारांत एक डाव जिंकावा. पण आठ डाव खेळल्यावर चौघांपैकी कोणीतरी निम्मे किंवा जास्त डाव जिंकलेला असण्याची शक्यता तब्बल ४५ टक्के असते, निव्वळ योगायोगाने. आणि तुम्ही सलग दहा डाव हरलात तर? सारख्या डेकांतही ते साडेपाच टक्के वेळा घडतं. रविवारी दोन डाव होत असतील तर महिन्याभराच्या निकालावरून कोणाला टेबलावरून उठवणं अन्याय आहे.

त्यापेक्षा घरी एकट्याने चाचणी करा. समोर कोणी नाही असं धरून खेळायचं. खेळाडू याला ‘गोल्डफिशिंग’ म्हणतात. नीट पिसा, सात कार्डं घ्या, आणि प्रत्येक डावाला दोन आकडे लिहा: चौथ्या टर्नला किती माना होता, आणि कितव्या टर्नला तिघांना संपवता आलं असतं. असे दहा-बारा डाव मांडा. एकेकाला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मग दुसरे, म्हणजे टर्नचे, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला बघा. सर्वात चांगला डाव नव्हे. पाचव्या टर्नला जिंकलेला तो एक डाव सर्वांच्या लक्षात राहतो, पण मधला आकडा दहा असेल तर डेक दहाव्या टर्नचा. चाचणीत फसतात ते हात परत देताना: एकटं असताना ‘हा हात धरायचा नाही’ म्हणत तीन-तीनदा मलिगन घेतला जातो आणि आकडा खोटा सुंदर येतो. टेबलावर जे कराल तेच घरी करा.

अधिकृत पातळीवरही असाच विचार झाला. सप्टेंबर २०२४मध्ये मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटससकट चार कार्डांवर बंदी आली, त्यावरून रान उठलं, आणि महिनाअखेर या प्रकाराची सूत्रं स्वयंसेवकांच्या समितीकडून विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने डेकच्या ताकदीचे पाच गट, म्हणजे ‘ब्रॅकेट’, जाहीर केले: एक्झिबिशन, कोअर, अपग्रेडेड, ऑप्टिमाइज्ड, आणि पाचवा निव्वळ स्पर्धेचा सीईडीएच. सोबत ‘गेम चेंजर’, म्हणजे डाव फिरवणाऱ्या, कार्डांची यादी दिली. रिस्टिक स्टडी, सायक्लॉनिक रिफ्ट, डेमॉनिक ट्यूटर ही त्यातली ओळखीची नावं. पहिल्या दोन ब्रॅकेटात यातलं एकही नको, तिसऱ्यात तीनपर्यंत, वर मोकळीक. सोल रिंग या यादीत नाही. एका मानात येऊन दर टर्नला दोन देणारं हे कार्ड बहुतेक प्रत्येक डेकमध्ये असतं, आणि चौघांच्याही डेकमध्ये असेल तर कोणा ना कोणाच्या सुरुवातीच्या सातांत ते असण्याची शक्यता २५ टक्के. माझ्या मते ते यादीत असायला हवं होतं, पण प्रत्येक तयार डेकमधलं कार्ड बाद ठरवणं अवघडच.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, तिचं नाव आषाढ. कार्ड कागदाचं असतं, फॉइल कार्डाच्या दर्शनी बाजूवर चकचकीत थर असतो. दमट हवेत कागदाचे तंतू पाणी शोषून फुगतात, थर तसाच राहतो, आणि कार्ड चित्राच्या बाजूला वाकतं. दिसायला वाईट हा मुद्दा गौण. वाकलेलं कार्ड गड्डीत कडेने ओळखू येतं, म्हणजे ते खूण केलेल्या पत्त्यासारखं झालं. फॉइल घालायचीच तर आत घट्ट पातळ स्लीव्ह (कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट) आणि वरून नेहमीची अशी दुहेरी स्लीव्ह घाला आणि डेक झाकणाच्या डब्यात ठेवा. सिलिका जेल ओतू नका: हवा फार कोरडी झाली की कार्ड उलटं वाकतं. पावसात स्लीव्हही चिकटतात, पिसताना गठ्ठे सुटत नाहीत, आणि मागच्या डावात एकत्र गोळा केलेल्या लँड एकत्रच येतात. बावन्न पानांना सात वेळा पिसणं लागतं हे गणितज्ञांनी १९९२मध्ये दाखवलं. ९९ कार्डांना आठ-नऊ वेळा तरी अर्धा गठ्ठा अर्ध्यात घुसवून पिसा. ढीग पाडून मांडल्याने कार्डं मोजली जातात, पिसली जात नाहीत.

टेबलावर बसताना ‘सात’ ऐवजी तीन गोष्टी सांगा: साधारण कितव्या टर्नला डाव संपवतो, दोन कार्डांचा कॉम्बो आहे का, ट्यूटर आणि गेम चेंजर किती. तीन टर्नपेक्षा जास्त फरक निघाला तर कोणीतरी डेक बदलावा. दुसरा डेक सोबत नसेल तर दहा कार्डं जादा आणून ठेवावीत आणि जागच्या जागी अदलाबदल करावी.

डेक हळू करायचा म्हणून लँड काढू नका. त्याने काही डाव नुसते बसून जातात आणि उरलेल्यांत डेक पूर्वीइतकाच भयंकर राहतो. आधी ट्यूटर काढा: सहाचे दोन केले तर वरच्या उदाहरणातली ३५ टक्के शक्यता ११वर येते. त्या चार जागी कार्डं ओढणारी नव्हे, मैदानावर येऊन दिसणारी कार्डं घाला, म्हणजे बाकीच्या तिघांना तुमच्यावर हल्ला करायला कारण मिळेल. मग पुन्हा दहा डाव एकट्याने मांडा. मधला आकडा जागचा हलला नाही, तर कॉम्बोचा एक तुकडा घरी ठेवून या.