ते सहाशेच्या सहाशे मेले नव्हते

ठाण्यात तलावपाळीला आमचा वाचनकट्टा भरतो. कुसुमाग्रजांच्या प्रतापराव गुजरांवरच्या कवितेशेजारी इंग्रज कवी टेनिसनची 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' वाचायला घेतली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "दोन्हीकडे सगळेच्या सगळे मेले." शाळेपासून चालत आलेली ही समजूत चुकीची आहे.

नेसरीला, १६७४ साली, प्रतापरावांसह सातही जण पडले. आपल्या कवितेत तेच आहे. क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला मात्र २५ ऑक्टोबर १८५४ रोजी सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांवर चालून गेले आणि त्यांतले ११०च्या आसपास ठार झाले. जखमी आणि कैदी वेगळे. टेनिसनने हे लपवलेलंही नाही. कवितेत तो या स्वारांना 'सहाशे' म्हणतो. चौथ्या कडव्याच्या शेवटी ते माघारी येतात, फक्त ते आता सहाशे उरलेले नाहीत, एवढंच तो म्हणतो. आपण घाईत त्याचा अर्थ 'कुणीच उरलं नाही' असा लावतो, कारण मनात नेसरीचे सात असतात.

मला खरा फरक शौर्याच्या जातीत दिसतो. कुसुमाग्रजांचे सात जण मानापायी आपणहून घोड्याला टाच मारतात. टेनिसनच्या शिपायाला दुसऱ्याच कडव्यात कळलेलं असतं, की वर कुणाची तरी चूक झालीय. तरीही तो हुकूम मोडत नाही.