कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी?

"दहा वर्षांत फक्त आठ हजार किलोमीटर! डोळे झाकून घे भावा." जुनी पोर्शे किंवा फेरारी घ्यायची म्हटलं की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यापासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत हाच सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे आणि फार महागात पडतो.

गाडी पळून झिजते, तशी उभी राहूनही झिजते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून गाडी जागची हलली नाही तरी साधारण २ वर्षांनी ते बदलावं लागतं. आपला पावसाळा तर बंद गॅरेजमध्येही शिरतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, रबरी सील कडक होतात, बॅटरी उतरते. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण बाजूचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ताशी दोनशेच्या पुढे जाणाऱ्या गाडीखाली असलं जुनं रबर मला भीतीदायक वाटतं.

फेरारी एफ ३५५ घ्या. मीटर कितीही कमी असो, तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो आणि त्यासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. विकणाऱ्याने ते काम टाळलं असेल, तर खर्च तुमच्या माथी.

म्हणून आधी सर्व्हिसची बिलं मागा, तारखांसकट. नियमित चालवलेली, वेळेवर तेलपाणी झालेली चाळीस हजार किलोमीटर पळालेली गाडी मी आधी बघेन. आणि इंजिन गार असतानाच समोर सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं.