उपचारातून झालेला जटिल आघात

उपचारातून झालेला जटिल आघात : मानसोपचार किंवा समुपदेशन घेताना मिळालेल्या अपायकारक वागणुकीमुळे जुना आघात (मनाला झालेली खोल इजा) चिघळणे किंवा नवा होणे, आणि उपचार थांबल्यावरही त्याची लक्षणे टिकून राहणे. आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेला वेगळे नाव नाही. निदान झालेच तर ते बहुधा ‘जटिल आघातोत्तर ताण विकार’ असे होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी ही संकल्पना १९९२ मध्ये मांडली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात तिला ६बी४१ हा क्रमांक आहे. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणात ती वेगळी दिलेली नाही. म्हणून दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दोन निदाने दिसली, तर त्यातला एक चुकलाच असे समजू नये.

लक्षणे दोन थरांत असतात. पहिला थर साध्या आघातोत्तर विकाराचा : प्रसंग आत्ता घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण टाळणे, सतत सावध राहणे. दुसरा थर भावना आवरता न येणे, ‘मीच वाईट’ ही पक्की समजूत आणि कोणाशीही जवळीक न टिकणे, असा असतो. उपचारातल्या आघातात हे सगळे उपचाराच्याच खुणांना चिकटते. मंगळवारी पाच वाजता सत्र असायचे, तर मंगळवारी चारपासून पोटात गोळा येतो. दवाखान्याची गल्ली टाळण्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा घेतला जातो. ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ हा निरुपद्रवी प्रश्न ऐकताच घसा आवळतो. बरे होण्याचे साधनच भीतीचे कारण बनलेले असते. म्हणून ‘दुसरा डॉक्टर बघ’ हा सल्ला योग्य असूनही पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही.

अपाय कशाला म्हणावे, याबद्दल गोंधळ फार. चांगल्या उपचारातही काही सत्रांनंतर रडू येते, झोप बिघडते, दोन दिवस जड जातात. तो अपाय नव्हे. त्रास कमी-जास्त होत राहतो, तो बोलून दाखवता येतो आणि बोलल्यावर उपचारक वेग बदलतो, एवढे असले तर काम नीट चालले आहे. अपायाची लक्षणे वेगळी : थांबा म्हटल्यावर न थांबणे, स्थैर्य यायच्या आधीच बालपणीचा अत्याचार तपशिलात सांगायला लावणे, ‘आईवडिलांना माफ करून टाका’ असा आदेश, आठवत नसलेल्या गोष्टी सुचवून ‘आठवून बघा’ म्हणत राहणे, सत्रातले बोलणे घरच्यांना सांगणे, अवलंबून ठेवून मग एका फोनवर उपचार बंद करणे. लैंगिक संबंध किंवा तशी सूचना हा तर कोणत्याही परिस्थितीत गैरप्रकारच, रुग्णाने होकार दिला असला तरी. समलैंगिक व्यक्तीला ‘बदलून देण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. मनोपचारही अपाय करू शकतात, हे क्षेत्राने उशिरा मान्य केले. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याची पद्धत अनेक वर्षे सर्रास वापरली गेली. पुढच्या आढाव्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींत त्रास वाढल्याचे आढळले.

सोलापुरात या प्रश्नाला स्थानिक रंग आहे. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी आणि हिंदी एकाच चौकात ऐकू येतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात मारहाण, शिव्या आणि लाड तिन्ही तेलुगूत झालेले असतात, आणि उपचार मात्र मराठीत. माणूस घटना मराठीत नीट सांगतो, पण भावना त्या भाषेत उमटत नाही. मग ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. दुभाषा म्हणून मुलाला किंवा सुनेला बसवणे हे गोपनीयतेच्या दृष्टीने चूक, आणि आघाताच्या बाबतीत धोक्याचे. अत्याचार करणारा बऱ्याचदा त्याच घरातला असतो. दुसरी अडचण ओळखीची. प्रतीक्षागृहात शेजारीण भेटते, कंपाउंडर नात्यातला निघतो. तिसरी रोजगाराची. विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते; तासाभराचे सत्र आणि जाण्यायेण्याचा वेळ म्हणजे तेवढ्या विड्या कमी. सत्र चुकवण्याला ‘प्रतिकार’ (उपचाराला मनातून विरोध) म्हणण्याआधी हा हिशेब विचारावा.

पहिले काम म्हणजे धोका थांबवणे. अपाय करणाऱ्याकडे ‘शेवटचे एकदा बोलून घ्यायला’ जाऊ नये. खुलासा मागितल्यावर बहुतेक वेळा उलट रुग्णालाच दोष मिळतो आणि लक्षणे वाढतात. दोन ओळींचा निरोप पुरे : ‘मी उपचार थांबवत आहे. माझ्या नोंदींची प्रत द्यावी.’ यानंतर त्याच व्यक्तीची ओढ लागते, तिच्या आवाजाची आठवण येते, आणि त्याची शरम वाटते. ही ओढ नेहमीची आहे. ज्याच्यावर विसंबून होतो त्यानेच विश्वासघात केला, की राग आणि जवळीक एकत्रच राहतात.

उपचारक सोडला तरी गोळ्या एकदम सोडू नयेत. ही चूक सर्वांत जास्त होते आणि ती महागात पडते. नैराश्यावरची औषधे अचानक बंद केली, तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड आणि निद्रानाश होतो. त्यालाच लोक ‘आघात उसळला’ समजतात. क्लोनाझेपामसारखी औषधे रोज घेत असताना एकदम थांबवल्यास फीट येऊ शकते. मात्रा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरवायची असते. नवा मनोविकारतज्ज्ञ मिळेपर्यंत फॅमिली डॉक्टर किंवा सरकारी रुग्णालयाचा मनोविकार बाह्यरुग्ण विभाग चालू मात्रा लिहून देऊ शकतो. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, यासाठी जवळचे. जीव द्यावासा वाटत असेल तर गोळ्या आणि घरातली कीटकनाशके दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत आणि एकावेळी आठवड्याच्याच गोळ्या घ्याव्यात. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तातडीसाठी ११२.

शरीर शांत करण्याच्या सरावात ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ हे सगळ्यांना चालत नाही. ज्याला उपचारकाने डोळे मिटवून आठवणीत ढकलले, त्याच्यासाठी तीच सूचना धोक्याची घंटा आहे. अशा वेळी डोळे उघडे, पाठ भिंतीला, नजर दारावर. दोन्ही तळपाय फरशीवर दहा सेकंद दाबायचे, सोडायचे, असे पाच वेळा. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने, स्पर्शाच्या चार, आवाजांचे तीन, वास दोन, चव एक. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू असेल तर आवाज मोजण्यात अर्थ नाही. ती पायरी गाळून स्पर्शावर जास्त वेळ द्यावा. सोलापुरी चादरीची जाड वीण बोटाने चाचपत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणे पुष्कळांना जमते. वासासाठी शेंगाचटणीची बरणी उत्तम. श्वास वापरायचाच तर आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत, दोन मिनिटे. छातीत कोंडल्यासारखे झाले की लगेच सोडून द्यावा.

हा सराव त्रास नसताना, रोज तीन-चार मिनिटे करायचा. झटका आल्यावर पहिल्यांदाच केला तर तो फसतो, आणि ‘मला हेही जमत नाही’ हा नवा आरोप तयार होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना धडधड, घाम, चक्कर ही उन्हाचीही लक्षणे असतात. आधी पाणी, सावली, मनगटावर गार पाणी, आणि मगच मनाचा विचार. ताप किंवा शुद्ध हरपणे असेल तर तो उष्माघात समजून रुग्णालय गाठावे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत जायचेच असेल तर बाहेर पडायची वाट आधी ठरवून ठेवावी. मौन शिबिरे आणि दीर्घ ध्यान या टप्प्यावर नकोत; बाहेरचे आवाज बंद झाले की आतले मोठे होतात.

घडलेले लिहून ठेवणे दोन कारणांसाठी : डोके हलके व्हावे म्हणून आणि पुढे तक्रार करायची झाली तर हाती काही असावे म्हणून. ही दोन लिखाणे वेगळ्या वह्यांत असावीत. तक्रारीच्या वहीत फक्त तारीख, कोण काय म्हणाले किंवा केले, आणि पुरावा : पावती, मेसेज, कॉलची नोंद. भावनांच्या वहीत काहीही. वेळ वीस मिनिटे, गजर लावून, दिवसा. रात्री नऊनंतर नाही. लिहून झाल्यावर हातांना काम द्यावे : भांडी, भाकरी, कपडे. तिन्हीसांजेला एकट्याने बसून सगळे एका दमात लिहिले, की पुढचे दोन दिवस बिघडतात.

नवा उपचारक निवडताना पाटीवरच्या शब्दांवर जाऊ नये. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र बराच काळ कोणीही लावू शकत होते. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात हा गट आला आहे. पहिल्या भेटीत आघाताची कहाणी सांगायची नसते. ‘आधीच्या उपचारात मला अपाय झाला, तपशील नंतर सांगेन’ एवढेच बोलून समोरचा काय करतो ते पाहावे. त्याने लगेच खोदायला सुरुवात केली, किंवा सहव्यावसायिकाची बाजू घेतली, तर परत जाऊ नये. विचारायचे प्रश्न : मी हात वर केला की तुम्ही थांबाल का? घरच्यांना काय सांगाल, आणि कोणत्या स्थितीत माझ्या परवानगीशिवाय सांगाल? स्पर्श कराल का? उपचार संपवायचा झाला तर कसा संपवाल? दाराजवळची खुर्ची मागावी. तीन भेटी चाचणीच्या धराव्यात, चौथ्याआधी ठरवावे. ऑनलाइन उपचाराने ओळखीची अडचण सुटते आणि तेलुगू किंवा कन्नड बोलणारा माणूस मिळू शकतो, पण एका खोलीच्या घरात बोलायचे कुठे हा प्रश्न उरतो. हेडफोन घातला तरी आपला आवाज ऐकू जातोच.

स्थैर्य, मग स्मरण आणि शोक, मग पुन्हा जोडले जाणे, हा हर्मन यांनी सांगितलेला क्रम आजही वापरात आहे. स्थैर्याचा टप्पा प्रत्येकाला आधी लागतोच का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींना आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) लवकर सुरू करूनही फायदा होतो. ज्यांना उपचारातच इजा झाली, त्यांच्या बाबतीत घाई नको हे मत अधिक धरावे. कारण वेग ठरवण्याचा हक्क हिरावणे हाच मूळ अपाय होता. तो हक्क परत मिळाल्याशिवाय कोणतेही तंत्र पुन्हा जबरदस्तीच वाटते.

तक्रार करायचीच असा नियम नाही, पण मुदती माहीत असाव्यात. २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्यात. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा (कलम २३), नोंदी पाहण्याचा (कलम २५) आणि सेवेतील त्रुटींबद्दल तक्रारीचा (कलम २८) हक्क देतो. त्यातले कलम २८ मात्र जिथे रुग्ण दाखल करून घेतात अशा संस्थांपुरते आहे. एका खोलीत बसणाऱ्या समुपदेशकाला ते लागू पडत नाही, हे अनेकांना अर्ज फेटाळल्यावर कळते. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मानसशास्त्रज्ञाविरुद्ध पुनर्वास परिषद, आणि पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडे मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही. भगत-देवऋषीने ‘बाधा’ काढण्यासाठी मारले, चटके दिले, तर २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. लैंगिक गुन्ह्यात हद्दीचे कारण न देता कोणत्याही ठाण्याला ‘झिरो’ क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. चौकशी १५१०० वर. जबाब द्यायला जाताना तक्रारीची वही न्यावी, भावनांची घरी ठेवावी, आणि सोबत एक माणूस असावा ज्याने काही विचारायचे नाही, फक्त परत घरी आणायचे.